डबा राहिला

नगर
ईस्टरनंतरचा मंगळवार

चि. इसहाक यास अनेक आशीर्वाद.

तुझा डबा ओट्यावरच राहिला. रात्री पप्पांनी गुपचूप खाल्ला, म्हणजे त्यांचा राग उतरला असं समज. मालनआत्या मात्र अजून फुगलेली आहे.

येशूनं पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार माणसं जेवू घातली, त्या गोष्टीवरून झालं सगळं. ते मासे बोंबील होते की सुरमई, आणि उरलेल्या बारा टोपल्यांचं पुढे काय झालं, असं तू जेवता जेवता विचारलंस. आपल्या चर्चचे पाळकसाहेब तर हसत होते रे. ओरडले ती मी. ‘देवाची थट्टा करतोस’ हे चारचौघांत म्हणायला नको होतं. तू सरळ एसटी धरलीस.

तिथे रविवारी चर्चला जातोस ना? असू दे, हे लिहायचंच नव्हतं.

तू गेल्यावर बायबलमधला योहानाचा सहावा अध्याय काढून बसले, ही गोष्ट आहे तो. गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, तिथे बोंबील कुठले? आपल्या मुळा धरणात मिळतात तसलेच काहीतरी असणार. काही फुकट जाऊ नये म्हणून तुकडे गोळा केले एवढंच लिहिलंय, टोपल्यांचं पुढचं काही नाही. भाकरी जवाच्या, एका पोराजवळच्या. त्या त्याला भाजून कुणी दिल्या, हेही नाही. हीच गोष्ट सांगणारा मत्तय तर बायका-पोरं मोजतच नाही! प्रश्न मलाही पडतात बाबा, पण भांडी घासताना.

विचारावं माणसानं. पण विचारून उठून जाऊ नये, उत्तराची वाट बघत बसावं. रोज एक अध्याय वाचावा, रात्री मोबाइल बाजूला ठेवावा, रविवारी लवकर उठून... झाली माझी शब्बाथ शाळा सुरू. माफ कर.

आजी सांगायची, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या बाईनं मनाशी झगडून काढली. घाई करून होत नाही, हे मला कळतं. पण पाच वर्षं मी कशी काढू?

तुझ्या नावाचं तुला कधी सांगितलं का? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला हसूच आवरेना. पप्पा म्हणाले, सारेसारखी काय हसतेस! बायबलमधली नव्वद वर्षांची सारा, पोर होणार हे ऐकून डेऱ्याच्या दाराआड हसली, मग भिऊन ‘नाही हसले’ म्हणाली. देव म्हणाला, हसलीस. बस, एवढंच. शिक्षा नाही. उलट पोराचं नाव पडलं इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. आणि मी त्या नावाच्या पोराला हसला म्हणून घालवून दिलं.

पाळकसाहेब काल म्हणाले, टोपल्यांबद्दल विचारणारा हा पहिलाच. मी मान खाली घालून ऐकलं, पण खरं सांगू? आत्याला फोन करून लगेच सांगितलं.

शनिवारी बंटी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा देते. सुके बोंबील आहेत. रविवारी सकाळी गरम करून खा. म्हणजे चर्चच्या आधी. किंवा नंतर.

तुझी
आई