शर्यत सातलाच सोड

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, मीही आवाज चढवला, आणि मग रेंज गेली की तू कट केलास ते कळलंच नाही. म्हणून हे टाइप करतेय, आक्काच्या पोरीने मराठी कीबोर्ड लावून दिलाय. जेवून वाच, उपाशीपोटी वाचशील तर अजून चिडशील.

आधी जे काल बोलायचं राहिलं ते. तोरणमाळच्या घाटात आपल्याकडच्या पोरांची पळायची शर्यत लावायची, टीशर्ट नाही, मेडल नाही, डीजे नाही, कापडाच्या तुकड्यावर मार्करने नंबर आणि चार सेफ्टी पिना, वर यशवंत तलावाजवळ चुन्याची रेघ, तिथे एकाने नंबर ओरडायचा आणि दुसऱ्याने मोबाइलवर बघून वहीत वेळ लिहायची, हे तू सांगत होतास तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी शेजारी जाऊन सांगून आले. आश्रमशाळेच्या पोरांना फी नाही हे तर फारच चांगलं केलंस. ती पोरं जन्मापासून डोंगर चढतात, त्यांच्यासाठी कधी कोण टाळ्या वाजवायला उभं राहिलंय?

तारीख होळीच्या आठवड्यातून मागे घेतलीस तेही शहाणपणाचं. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार सुरू झाले की पोरं ढोल घेऊन तिकडे जातात, काठी गावच्या होळीला तर अख्खा सातपुडा लोटतो, मग तुझ्या रेघेवर कोण येणार होतं.

पण साडेआठला सोडू नको रे.

पाहुण्यांना लवकर जमत नाही म्हणून साडेआठ, हे मला पटलेलं नाही. ते यायचे, मग हार, नारळ, दोन शब्द, म्हणजे नऊ-सव्वानऊ झालेच. पहिला येणारा पोरगा तासाभरात वर पोचेल, त्याची मला काळजी नाही. मला काळजी शेवटच्याची. तो अडीच तीन तास घाटात असणार, म्हणजे भर बाराच्या उन्हात, आणि बहुतेक चालत. तू सगळं टायमिंग पहिल्याचं धरून बसलायस. ऊन शेवटच्याला लागतं.

आणि वर थंड हवा असते हे मला सांगू नको, तिथे वर्षं काढलीत मी. वर साडेअकराशे मीटरवर असेल थंड, सुरुवात खाली आहे. फेब्रुवारी संपता संपता शहाद्याकडे पारा दुपारी पस्तिशीकडे जातो, घाटाची ती बाजू तापीकडे तोंड करून, काळा दगड तापतो, आणि त्या दिवसांत साग पान टाकतो. सातपायरीच्या वळणांवर नुसत्या काड्या उभ्या असतात, सावली म्हणून नाही. शिवाय चढावर माणूस जोर जास्त लावतो आणि वेग कमी असतो, म्हणजे अंगाला वारं लागत नाही. सपाटीवर पळण्यापेक्षा इथे अंग लवकर तापतं. नानी म्हणायची ना, ऊन कोना बापनं नही.

पाहुण्यांना बक्षीस द्यायला बोलाव की. दहाला वर या म्हणावं, तलावाजवळ खुर्च्या टाक, तिथे करा काय भाषणं करायची ती. झेंडा दाखवायला अंगणवाडीच्या बाई पुरेत. त्या दिवसांत सातच्या सुमाराला उजाडतं, उजाडलं की सोड.

मी आरोग्य उपकेंद्रावर असताना एका मजुराला जीपमध्ये टाकून आणला होता, आठवतं का तुला, तू ओट्यावर अभ्यास करत होतास. तो हसत होता. मला त्याची मामी समजून काहीतरी लग्नाचं बोलत होता. सोबतचे म्हणाले दारू प्यालाय, झोपेल. मी कपाळाला हात लावला तर तव्यासारखं भाजलं. लसीच्या कॅरिअरमधले आइसपॅक काढून काखेत आणि जांघेत ठेवले, चादर भिजवून अंगावर टाकली आणि त्याच्या बायकोच्या हातात सूप देऊन वारा घालायला लावलं. अर्ध्या तासाने त्याने स्वतःचं नाव नीट सांगितलं, मग पुढे पाठवला. तुझ्या पोरांना एवढं एकच पाठ करून ठेव. जो पळता पळता वेड्यासारखं बोलायला लागेल, वाकडातिकडा चालेल, त्याला दमलाय म्हणून बसवून ठेवायचं नाही. घाम येत असला तरी फसायचं नाही, पळणाऱ्याला घामातही उष्माघात होतो. आधी जागेवर गार करायचं, पाणी ओतायचं, वारा घालायचा, नेणं नंतर. १०८ ला फोन लगेच करा पण गाडीची वाट बघत हातावर हात धरून बसू नका, घाटात गाडीला यायला वेळ लागतो आणि वळणावळणावर रेंज नसते. म्हणून एक जीप तुझी स्वतःची, डिझेल भरून, ड्रायव्हर गाडीतच, आणि ती शेवटच्याच्या मागे. पहिल्याच्या पुढे फोटो काढायला नाही.

रेघेवर पण एक माणूस पुढे उभा कर. पोरं रेघ ओलांडून एकदम थांबतात आणि मग चक्कर येते, पाय थांबले की रक्त खालीच राहतं. चार पावलं चालायला लावायचं, पडला तर आडवा करून पाय वर.

पाण्याचं तर तू विचारलंसच नाही. नुसतं पाणी ढसाढसा पाजू नका, तेही बाधतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. पोरं अंदाजाने मीठ टाकतात, ते नको. केळी शहाद्यातून आदल्या दिवशी घे, फार पिकलेली नको.

बघ, झालं परत भाषण. मला हे लिहायचंच नव्हतं, दोन ओळीत सातला सोड एवढं लिहून थांबणार होते. राग मानू नको. नोकरीभर लोकांना हेच सांगत फिरले, ते सुटत नाही.

तू तर किती लहान असल्यापासून माझ्याबरोबर ते डोंगर चढलायस. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हापासून रविवार म्हणजे आपला पाड्यापाड्यावरचाच. तू कॅरिअर उचलायचा हट्ट करायचास, पट्टा गळ्यात आणि डबा गुडघ्यांवर आपटतोय, मधेच थांबून गार डब्याला गाल लावायचास. आणि पाडा दिसला की डबा माझ्याकडे देऊन पळत सुटायचास, पोलिओवाली आली, पोलिओवाली आली. तुझ्यासोबत तो पावऱ्यांचा पोरगा अनवाणी पळायचा आणि दर वेळी तुला मागे टाकायचा. नववीत शाळा सोडून ऊसतोडीला गेला गुजरातेत. तू ही शर्यत का काढलीस ते तू सांगितलं नाहीस, मी विचारणार पण नाही, पण मला वाटतं मला माहितीये. तो आलाय का गावी? त्याला बोलाव. नाही पळाला तरी वळणावर उभा राहील, त्याला घाट माहितीये.

रविवारी वरून मोटरसायकलवाले सुसाट येतात, वळणावर माणूस शिट्टी घेऊन हवाच. चुन्याचे बाण फाट्याच्या आधी एक आणि फाटा झाल्यावर एक. हे तू केलं असशील, तू नीट करतोस, लहानपणी दप्तरसुद्धा रात्रीच भरून ठेवायचास.

आप्पांचं मी काढणार नव्हते. पण त्या दिवशी पण मी सकाळी म्हटलं होतं की निंदणी उन्हाच्या आधी उरकून घरी या, आणि ते म्हणाले एवढ्या दोन सऱ्या राहिल्यात. माझ्याजवळ सगळं होतं, डबा, आइसपॅक, चादर, सलाइन. मी ड्युटीवर होते. एवढंच. तुला दोष नाही देत भाऊ, तू तेव्हा होस्टेलला होतास. पण घड्याळात अकरा वाजले आणि कोणी माणूस उन्हात आहे म्हटलं की माझे हात गार पडतात, आणि तू म्हणतोस आई, उगाच घाबरवतेस. ज्यांची पोरं तू घाटात उतरवणार त्यांना तर तू म्हणजे मोठा सर. तू सांगशील त्या वेळेला ते पोर उभं करतील, विचारणार नाहीत.

मी येणार आहे. आक्का म्हणते गुडघे बघ, पण जीपमध्ये बसून यायला गुडघे कशाला लागतात, शेवटच्याच्या मागच्या गाडीत मी बसते. साखर-मिठाच्या पुड्या मी घरून बांधून आणते, लिटरला एक. किती पोरं आली ते सांग म्हणजे तेवढ्या करते. जुन्या सुती चादरी पण आणते, त्या परत द्यायला सांग पोरांना.

पाहुण्यांना फोन उद्याच कर, परवावर टाकू नको. आणि सातचं ठरलं की मला लगेच कळव, मिस कॉल दिलास तरी चालेल.

तुझी आई