कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मोबाइल दुकानातल्या ‘भावा’स

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दुकानात सगळे तुला ‘भावा’ म्हणूनच हाक मारायचे, त्यामुळे तुझं खरं नाव मला ठाऊक नाही. परवा आले तर कळलं, तू नोकरीला पुण्याला गेलास. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवेलच.

तुझे आभार मानायचेत ते एका गोष्टीसाठी. शिकवताना तू माझ्या हातातला फोन कधी घेतला नाहीस. घरची मुलं मायेनं म्हणतात, “आण इकडं, मी करून देतो,” आणि भराभर बोटं फिरवून फोन परत देतात. काम होतं, पण कसं झालं ते कळत नाही. तू मात्र हाताची घडी घालून नुसतं सांगायचास, “मावशी, तुम्ही दाबा. बिनधास्त दाबा. चुकलं तर मागं यायचं बटण आहेच की.” गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, तरी तुझा आवाज कधी चढला नाही.

पहिल्या दिवशी तू आधी अक्षरं मोठी करायला लावलीस, मग भाषा मराठी. वाचताच येत नसेल तर पुढचं शिकून काय उपयोग, हे तुझं म्हणणं मला फार पटलं. नवा फोन घेणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला दुकानदारानं आधी हेच करायला लावावं.

बोटाच्या ठशापाशी मात्र गाडी अडली. जन्मभर शिलाई मशीन चालवून माझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात, फोन ठसा घेईना. तू म्हणालास, बोट पदराला पुसून कोरडं करा, आणि दर वेळी सरळच नको, जरा डावीकडं, जरा उजवीकडं, जरा टोकाकडं टेकवा. ठसा उठल्यावर तोच अंगठा पुन्हा, जणू दुसरं बोट आहे असा नोंदवायला लावलास. आता सहसा पहिल्याच झटक्यात फोन उघडतो. शिवाय पिनही पाठ करून घेतलास, कारण फोन बंद करून चालू केला की आधी पिनच मागतो.

पण खरा धडा त्या एक रुपयाचा. यूपीआय सुरू झाल्यावर तू मला तुझ्या खात्यावर एक रुपया पाठवायला लावलास. पडद्यावर आलेलं नाव आधी वाचायचं, रक्कम वाचायची, मग यूपीआयचा पिन. नंतर तोच रुपया तू मला परत पाठवलास आणि विचारलंस, “आला? मग आता पिन टाकलात का?” नव्हता टाकला. “मग लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.” पुढं एकदा एका गोड बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. तुमचे पैसे परत करायचेत, पिन टाका म्हणाला. तुझा रुपया आठवला आणि मी तिथंच फोन ठेवला. तू सांगितलेला सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबर देवघराशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलाय. पैसे गेलेच तर वेळ न घालवता तिथं फोन करायचा, हे आता आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आम्ही शुक्रवार पेठेतली माणसं. पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवर. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे लहान पोरांनाही पाठ. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसाच्या छातीत व्हॉट्सॲपवर पुराचा एखादा व्हिडिओ आला तरी धस्स होतं. दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं की थांबायचं, जिल्हा प्रशासनानं दिलेली पातळी बघायची आणि मगच पुढं पाठवायचं, हे तूच शिकवलंस. लाइट गेली की पडद्याचा उजेड कमी करायचा, बॅटरी सेव्हर लावायचा, नेट नको असेल तेव्हा बंद ठेवायचं. नेट बंद असलं तरी साधा फोन आणि एसएमएस चालतो, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पुराच्या दिवसांत हे किती मोलाचं आहे, ते आमच्या पेठेतल्या माणसाला विचार.

हे पत्रसुद्धा कीबोर्डवरचा माइक दाबून, बोलून लिहिलंय. तेही तूच दाखवलेलं.

बाळा, तुला माझ्याकडून एक शर्ट शिवून द्यायचाय. कापड आणून ठेवलंय. दिवाळीला कोल्हापूरला येशील तेव्हा माप द्यायला ये. पत्ता दुकानात देऊन ठेवलाय.

तुझी,
शुक्रवार पेठेतली मावशी