डिस्चार्ज कार्डावरच्या त्या ओळींसाठी आभार

आदरणीय डॉक्टर,

बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्या काकांना थंडीत पहाटे कॅज्युअल्टीत आणलं, तेव्हा ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. तुम्ही त्यावर विसंबला नाहीत. सिगडीतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साईड वायू चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. असं हिमोग्लोबिन (कार्बॉक्सिहिमोग्लोबिन) किती आहे ते बघायला रक्त पाठवून, रिपोर्टची वाट न बघता तुम्ही पिशवीवाला मास्क लावून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला ४-५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

पण हे पत्र मुख्यतः डिस्चार्ज कार्डासाठी. काका चालत-बोलत घरी निघाले होते. अशा पेशंटच्या कार्डावर सहसा 'प्रकृती ठीक' एवढंच असतं. तुम्ही लिहिलंत: 'पुढचे ६ आठवडे लक्ष ठेवा. पावलं लहान पडणं, हालचाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं, बोलणं कमी होणं, विसर पडणं, कपड्यात लघवी होणं, यातलं काहीही दिसलं तर हे कार्ड घेऊन लगेच या.'

तिसऱ्या आठवड्यात नेमकं तेच सुरू झालं. या वायूचा मेंदूवरचा हा परिणाम उशिरा दिसतो आणि मधला काळ अगदी चांगला जातो, म्हणून सिगडीचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. वय झालं, मनाला लागलं, नाहीतर पार्किन्सन म्हणून माणूस भलत्याच वाटेला लागतो. इथे कार्डच बोललं. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचा ग्लोबस पॅलिडस (हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूच्या आतला भाग) आणि मेंदूतला पांढरा भाग बाधित दिसला.

लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाचा फारसा उपयोग झाला नाही, आणि या आजारात तो बहुतेकदा होतही नाही: इथे डोपामाइन हे मेंदूतलं रसायन पार्किन्सनसारखं कमी पडत नाही, त्याच्या पुढची साखळीच बिघडते. म्हणून भर व्यायामावर. जमिनीवर पावलाएवढ्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवून त्या ओलांडत चालणं, तालावर पाऊल टाकणं, जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घेणं, खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकून पाय मागे घेणं. पाणी पिताना ठसका लागतो का, तेही बघतो. लागला तर गिळण्याची तपासणी आधी, बाकी व्यायाम नंतर. हाताच्या थरथरीपेक्षा अंगाचा ताठरपणाच जास्त त्रास देतो. सुधारणा हळू होते, पण पुष्कळ पेशंट ६ महिने ते वर्षभरात बरेच सावरतात, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगता आलं.

एक विनंती. त्या ओळींचा रबरी शिक्का करून कॅज्युअल्टीच्या टेबलावर ठेवता येईल का? नागपुरात पारा उतरला की सिगड्या पेटतात, बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालतात. दिवाळीच्या आत झाला तर फार बरं होईल.

आपले कृतज्ञ,
न्यूरो फिजिओथेरपी विभागातील आम्ही सर्व, नागपूर