मांस घशाखाली उतरेना, तेव्हा वाट दाखवणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा, आहार सुरू केला की थोड्याच दिवसांत अनेकांना मांसाची शिसारी येऊ लागते. आवडीने खाल्लेलं चिकन ताटात दिसलं तरी पोटात ढवळतं, घास तोंडात नुसता फिरत राहतो. त्यावर एरवी मिळणारा सल्ला ठरलेला: मन घट्ट करून गिळा, नाहीतर हा आहार सोडून द्या. तुम्ही मात्र आधी विचारलंत की शिसारी नेमकी कशाची आहे? वासाची, चावताना लागणाऱ्या चिवटपणाची, पोट जड होण्याची, की तेच ते रोज खाण्याची? आणि कारण वेगळं तर उपायही वेगळा, असं सांगत प्रत्येकाचा हिशेब मांडून दिलात. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितो आहोत, म्हणजे तुमच्या सांगण्यातले बारकावे इतरांनाही वापरता येतील.

पहिले आभार वासाबद्दल. आठवड्याचं मांस एकदम शिजवून डबे भरून ठेवायचे, ही लो-कार्बवाल्यांची लाडकी सवय. आणि शिसारीची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते. शिजलेलं मांस फ्रिजमध्ये ठेवलं तरी काही तासांतच त्यातल्या चरबीचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, आणि मांसातलं लोह त्याला जोर देतं. पुन्हा गरम केलं की तो शिळकट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास वाफेबरोबर थेट नाकात जातो. मांस बिघडलेलं नसतं, तरी नाक ते नाकारतं. म्हणून मांस कच्चंच १०० ते १२० ग्रॅमच्या पुड्या करून गोठवायचं आणि एका जेवणापुरतं शिजवायचं. उरलंच तर रश्शात पूर्ण बुडवून ठेवायचं, म्हणजे हवा कमी लागते. किंवा दुसऱ्या दिवशी गार असतानाच लिंबू पिळून सॅलडमध्ये खायचं. गार पदार्थातून वास कमी उठतो, एवढं साधं कारण. माशालाही लिंबू याचसाठी: त्याच्या वासाला कारण असलेली अमाइन्स आम्लात बांधली जातात आणि हवेत कमी उडतात.

चिवटपणाचा दोष बऱ्याचदा शिजवण्याचा असतो. कोंबडीच्या छातीचा तुकडा आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचला की झाला; त्यापुढे तो पाणी सोडून दोऱ्यांसारखा होतो. तुम्ही सांगितलेली मिठाच्या पाण्याची रीत इथे अचूक लागू पडते: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात तुकडे ३० ते ४५ मिनिटं, मग पुसून कोरडे करून शिजवायचे आणि कापण्याआधी ५ मिनिटं तसेच ठेवायचे. थर्मामीटर नसेल तर छातीऐवजी मांडीचा भाग घ्यावा. त्यातल्या संयोजी ऊतींचं (स्नायू बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचं) उष्णतेने जिलेटीन होतं, त्यामुळे थोडा जास्त शिजला तरी तो मऊ राहतो.

पोट जड होऊन मळमळत असेल, तर तुमचा पहिला प्रश्न असायचा: चरबी किती खाता? कर्बोदकं कमी केली आणि भीतीपोटी चरबीही कमी केली, की ताटात उरतं कोरडं मांस आणि अंड्याचा पांढरा भाग. प्रथिनांतला नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या प्रयोगात आर्क्टिक संशोधक विल्ह्यालमूर स्टेफनसन यांना फक्त चरबीविरहित मांस दिलं, तेव्हा काही दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीयुक्त मांस दिल्यावर ते बरे झाले. तेव्हा मांसाची नावड वाढली तर मांस वाढवण्याआधी ताटात एक-दोन चमचे ऑलिव्ह तेल किंवा लोणी वाढवून पाहायचं. दुसरं कारण मीठ. कर्बोदकं घटली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, थकवा, मळमळ यांत त्याचा वाटा असतो. दिवसातून एक-दोन कप खारट सूप घेतल्यावर बरं वाटलं, तर दोष मांसाचा नव्हताच. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, हेही तुम्ही दर वेळी बजावलंत.

जबरदस्तीने गिळू नका, हा तुमचा आग्रह सर्वांत मोलाचा. एखादा पदार्थ खाल्ल्यावर मळमळलं, अगदी काही तासांनी का होईना, की मेंदू त्या पदार्थाशी गाठ मारून ठेवतो. उमासे येत असताना ढकललेला प्रत्येक घास ती गाठ आणखी घट्ट करतो. त्यापेक्षा ते मांस काही आठवडे पूर्ण बंद ठेवावं आणि परत सुरू करताना चव, रूप, शिजवण्याची पद्धत सगळंच बदलावं. आणि कधीच सुरू केलं नाही तरी चालतं! लो-कार्ब म्हणजे कर्बोदकांची मर्यादा. मांसाची सक्ती त्यात कुठेच नाही.

मग प्रथिनं कुठून आणायची? ७० किलो वजनाच्या माणसाला किलोमागे १.२ ग्रॅमने ८४ ग्रॅम लागतात. तुम्ही आखून दिलेला दिवस असा: ३ अंडी (१८ ग्रॅम), २०० ग्रॅम पाणी काढलेलं घट्ट बिनसाखरेचं दही (१९), २०० ग्रॅम घट्ट टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर (सुमारे २८), ४० ग्रॅम चेडार चीज (१०), ३० ग्रॅम बदाम (६). झाले ८१, उरलेली भाज्यांतून येतात. या सगळ्यात कर्बोदकं २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमची मर्यादा असेल तर भाज्यांना भरपूर जागा. मर्यादाच २० ग्रॅम असेल तर दही वगळून मासे किंवा आणखी अंडी घ्यावी लागतात. टोफूचे आकडे कंपनीगणिक बदलतात, पाकीट वाचायचंच.

हिशेब चुकतो तो बदाम आणि चीजमध्ये. १०० ग्रॅम बदामात जवळजवळ ५८० कॅलरी असतात, आणि हाताला लागतील तसे खाल्ले की वजन हलत नाही. डाळींबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात: १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरीत ९ ग्रॅम प्रथिनांसोबत २० ग्रॅम कर्बोदकं येतात, त्यातली ८ तंतूंची. दिवसाला १०० ग्रॅम कर्बोदकांच्या आहारात ती सहज बसते, २० च्या आहारात बसत नाही.

टोफू गिळगिळीत लागतो म्हणून सोडणाऱ्यांना तुम्ही तो गोठवायला लावलात. रात्रभर गोठवायचा, वितळू द्यायचा, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढायचं. बर्फाच्या कणांनी पडलेल्या छिद्रांमुळे तो स्पंजसारखा होतो, मसाला आतपर्यंत पितो आणि तव्यावर कडा खरपूस होतात. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि टोफू यांत चार तासांचं अंतर ठेवावं, ही सूचना तर फार थोडे जण देतात.

अंडी, दूध, मासे खाणाऱ्यांना बी-१२ ची चिंता सहसा नसते. तेही सोडलं तर गोळी हवीच.

आणि शिसारी कधी आहाराची नसते, हे सांगितल्याबद्दल विशेष आभार. कारण नसताना वजन उतरतंय, डोळे पिवळे दिसतायत, शौच काळं होतंय, किंवा लाल मांस खाल्ल्यावर २ ते ६ तासांनी अंगावर गांधी उठतायत, तर स्वयंपाकात उपाय शोधत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. मधुमेहावर एसजीएलटी-२ गटाची (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) औषधं घेणाऱ्याला लो-कार्बवर उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली, तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसली तरी किटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याची धोकादायक अवस्था) असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं कमी करण्याआधीच डोस ठरवून घ्यायचा, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

कळावे, लोभ असावा.

तुमचे ऋणी,
तुमच्या सल्ल्याने जेवणारे आम्ही सर्व