‘माथेफिरू’ पुरे झाला

महोदय,

अमेरिकेत शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला की आपल्या मथळ्यात एक शब्द हमखास येतो. ‘माथेफिरूचा अंदाधुंद गोळीबार’, पुढे मृतांचा आकडा आणि शेजारी त्या पोराचा ठळक फोटो. वाचणारा समजतो, डोकं फिरलं, बंदूक उचलली. याला कोण काय करणार?

ज्यांनी या घटना एकेक करून तपासल्या, त्यांना मात्र निराळंच दिसलं. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांना सांभाळणारी तीच) शिक्षण खात्याच्या साथीने १९७४ ते २००० मधले ३७ शाळाहल्ले आणि ४१ हल्लेखोर अभ्यासले. २००२ च्या त्यांच्या अहवालानुसार हल्लेखोर अचानक बिथरलेले क्वचितच होते. पाचातल्या चार घटनांत कुणाला तरी बेत आधीच ठाऊक होता. हे ठाऊक असणारे बहुतेक मित्र, वर्गातली मुलं, भावंडं. मोठी माणसं फार थोडी. मानसिक आजाराचं निदान आधी झालेले हल्लेखोर पाचात एकापेक्षाही कमी. आणि बंदूक? दोन तृतीयांश हल्लेखोरांनी ती स्वतःच्या घरातून नाहीतर नातेवाइकाकडून मिळवलेली.

मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे यातलं मित्रांचं मला नवल वाटलं नाही. पोरं पहिल्यांदा बाकावरच्या दोस्तालाच सांगतात, आणि चुगलखोर ठरू या धास्तीने दोस्त तोंड उघडत नाही.

अर्थात कुणी सांगितलं तरी ते पुढे पोचायला हवं. ५ जानेवारी २०१८ रोजी एफबीआयकडे एक फोन आला. फोन करणारी व्यक्ती एका तरुणाला जवळून ओळखत होती. त्याच्याकडे बंदूक आहे, तो माणसं मारण्याची भाषा करतो, शाळेत गोळीबार करेल अशी भीती वाटते, असं तिने सांगितलं. ही माहिती एफबीआयच्या मायामी कार्यालयाकडे धाडलीच गेली नाही. १४ फेब्रुवारीला त्याच तरुणाने फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जीव घेतले.

असा अभ्यास आणखी कितीतरी व्हायला हवा होता. पण १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्र सीडीसीवर अट घातली की शस्त्रनियंत्रणाच्या प्रचारासाठी निधी वापरायचा नाही, आणि बंदुकांवरच्या संशोधनाला जात होते तेवढेच २६ लाख डॉलर कापले. संशोधनावर बंदी नव्हती. पण अधिकाऱ्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि हात आखडता घेतला. ज्यांच्या नावाने ही अट ओळखली जाते त्या काँग्रेस सदस्य जे डिकी यांनीच २०१२ मध्ये, हे संशोधन व्हायला हवं असं जाहीर लिहिलं. नव्याने २.५ कोटी डॉलर मंजूर व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला. डिकी तोवर हयात नव्हते.

आता फोटोबद्दल. गाजावाजा झालेला हल्ला पुढच्याला वेड लावू शकतो. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि शाळेतली सहा मोठी माणसं मारणाऱ्या तरुणाला कोलंबाइनचं वेड होतं, असं तपासात निघालं. क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यानंतर २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नाव उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं आणि मृतांची नावं घ्यायला सांगितली. आपल्या पानावर एवढं करायला कुणाची परवानगी लागते का?

पुढची बातमी येईल तेव्हा मथळ्यात ‘माथेफिरू’ नसावा आणि पहिल्या पानावर त्याचा चेहराही. त्या जागेत बंदूक कुठून आली आणि बेत आधी कुणाला माहीत होता, हे आठवड्याभराने का होईना, छापा.

– एक निवृत्त शिक्षक