ओवीचा काळा ड्रेस आणि तुझा मोतिया फ्रॉक

नौपाडा, ठाणे
२९ डिसेंबर २०२५

चि. सौ. तेजू हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ओवीच्या बोरन्हाणाच्या ड्रेसवरून आपलं बिनसलं. "बरं, ठेवते" म्हणून तू फोन ठेवलास आणि मी हातात झारा घेऊन तशीच उभी. पुरी करपली. "पैसा उतू चाललाय का तुमचा?" हे मी बोलायला नको होतं. पैसा तुमचा, मूल तुमचं. तोंडाने बोलायला गेले की माझं हे असं होतं, म्हणून आज बाबा दुपारचे आडवे झाल्यावर कागद घेऊन बसलेय.

तुझं एक वाक्य मात्र रात्रभर डोक्यात राहिलं. "मला लहानपणी एक तरी दुकानातला चांगला फ्रॉक घेतलास का गं?" घेतला होता, तेजू. त्याचं पुढे सांगते. आधी ओवीच्या ड्रेसचं.

सीवूड्सच्या मॉलमध्ये तू तो काळा परकर-चोळीचा सेट हातात धरलास तेव्हा तो मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू? काळ्या नेटवर सोनेरी टिकल्या, पाठीला दोन गोंडे. बोरन्हाणाला हलव्याच्या दागिन्यांखाली काय खुलला असता! पण कपडा दिसला की तो उलटा करून बघायची माझी खोड तुला ठाऊक आहे. मी चोळी आतून बाहेर काढली, तर ती दुकानातली मुलगी माझ्याकडे असं बघायला लागली, की मी जशी चपला घालून देवघरात शिरलेय. तू तेव्हा अमेयरावांना व्हिडिओवर रंग दाखवत होतीस, म्हणून आतलं काय ते तू बघितलंच नाहीस.

काखेपाशी नेटची कड नुसती ओव्हरलॉक मारून सोडलेली. अस्तर छातीपुरतं, बाहीला नाहीच. दोरा नायलॉनचा, त्यावरून बोट फिरवलं तर टूथब्रशसारखा टोचला. टिकल्या शिवलेल्या नव्हत्या, चिकटवलेल्या होत्या. एक जरा नखाने उचकली तर सरळ माझ्या हातात आली. (ती मी पर्समध्ये टाकली. अजून आहे.) मागे धातूचे हूक. आणि शिवणीत माया अर्ध्या बोटाचीही नाही, म्हणजे महिन्याभरात घट्ट झाला तर उसवून सैल करायची सोय नाही. कमरेला आत लेबल, "ड्राय क्लीन ओन्ली". दहा महिन्यांच्या बाळाचा कपडा! जी नाचणीचं सत्त्व अर्धं पोटात घालते आणि अर्धं गळ्यावर, तिचा!

किंमत ७,४९० रुपये. घरी आल्यावर बाबांनी पेन्सिल काढलीच. कपड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून बदललाय. अडीच हजारांपर्यंतच्या नगाला पाच टक्के, त्याहून महाग असेल तर अठरा. आधी हजाराच्या वर बारा होता. म्हणजे त्या ७,४९० मध्ये ११४२ रुपये नुसता कर. "तेवढ्यात पोरीची वर्षभराची झबली होतील," हे बाबांचं वाक्य, माझं नाही.

मला किमतीची भीती वाटते असं तुला वाटतं. भीती नाही गं, ती किंमत कशाची लागते ते मी जवळून बघितलंय. १९८८ पासून मी गोखले रोडवरच्या एका दुकानासाठी बाळंतविडे शिवायचे. झबलं, टोपडं, कुंची, लंगोट, दुपटं. एका झबल्याचे मला तीन रुपये मिळत, दुकानात ते अठराला जाई. पुढे मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसला. त्याने गुलाबी खोका आणला, वरून पारदर्शक झाकण, सॅटिनची रिबन. आत झबलं तेच, मलमल तीच, टीप माझ्याच मशीनची. खोक्यातलं झबलं पंचेचाळीसला जायला लागलं आणि माझे झाले साडेतीन. पन्नास पैसे रिबन बांधायचे.

आताही तेच आहे, खोका मोठा झालाय इतकंच. मॉलचं भाडं, काचेतले दिवे, त्या गोऱ्यापान बाळाचे फोटो, कागदी पिशवीची दोरीसुद्धा आपल्याच बिलात असते. टी-शर्टसारखे विणलेले कपडे आपल्याकडे तमिळनाडूत तिरुप्पूरला होतात आणि तिथून जगभरच्या ब्रँडना जातात. एकाच गावात साधा कपडाही शिवला जातो आणि भारी लेबलाचाही. हौस नवी आहे असंही नाही. बाबांनी मोबाइलवर शोधून सांगितलं, की डिओर या फ्रेंच ब्रँडने पॅरिसात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान १९६७ सालीच काढलं होतं. खारघरला पोचायला वेळ लागला एवढंच!

आणि ती बारशाची पांढरी जोडी? पाळण्यात घालेपर्यंत अंगावर होती, मग ओवीने दूध काढलं आणि ती उतरवली ती उतरवलीच. परवा तुझ्या कपाटात बघितली, टॅगचा प्लास्टिकचा दोरा अजून मानेशी आहे. ओवी जन्मली तेव्हा ५० सेंटीमीटर होती, २ किलो ९००. आज ७३ सेंटीमीटर, साडेआठ किलो. पहिल्या वर्षात मूल साधारण पंचवीस सेंटीमीटर उंच होतं आणि वजन तिप्पट करतं. हा वेग पुन्हा उभ्या जन्मात येत नाही. आणि आपण नेमका त्याच वर्षी सगळ्यात महाग कपडा घ्यायचा!

काळं का घालायचं, तर संक्रांतीची थंडी, काळं ऊब धरतं. ती थंडी आता ठाण्यात आणि खारघरात दुपारी कुठे असते? तीस डिग्रीला पंखा लागतो. त्यात नेट आणि पॉलिएस्टर घाम टिपत नाही. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, मानेच्या वळ्या, काखा, जांघा, घामोळं तिथेच येतं. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा जुनेर का घालत? गरिबीमुळे नव्हे. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याची खळ गेलेली असते, ते सायीसारखं मऊ होतं. तुझं पहिलं झबलं शेजारच्या काकूंच्या मुलाचं, वापरलेलं होतं. बारशापर्यंत तुला नवं कापड लावलं नाही. आता तर नव्या कपड्याला सुरकुती पडू नये म्हणून रसायनं लावलेली असतात, एखाद्याच्या अंगाला त्याने खाज सुटते. तेव्हा काहीही आणलंस, दोनशेचं की सात हजारांचं, तरी घालायच्या आधी धू. आणि ते म्हणतात ड्राय क्लीन ओन्ली. आता बोल.

बोरन्हाण कसं होतं ते तू विसरली नसशील. पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, हल्ली चॉकलेटंही, आणि सोसायटीतली दहा पोरं एकदम झेप घेणार. ओवी सध्या हाताला लागेल ते तोंडात घालते. बोरं आणि रेवड्या तिच्यापासून लांब ठेवायला तू डोळ्यांत तेल घालून बसशीलच. पण तिच्या अंगावरच्याच टिकल्या कोण मोजणार? आणि पाठीचे गोंडे कोणी ओढले की नाडी गळ्याला येते. लहान मुलाच्या गळ्याशी नाडी मी कधीच शिवली नाही, टिचबटण लावलं.

आता तुझ्या फ्रॉकचं.

१९९२ चा नोव्हेंबर, तुझा पहिला वाढदिवस. बाबांचा पगार सव्वीसशे. राममारुती रोडवरच्या एका दुकानाच्या काचेत मोतिया रंगाचा फ्रॉक होता, नायलॉन नेटचा, तीन थरांचा, छातीवर सॅटिनचं गुलाब. ३८५ रुपये. मी रोज वीस झबली शिवणारी बाई, मला तो शिवता आला असता. पण मला तो शिवायचा नव्हता, दुकानातून आणायचा होता. खोक्यासकट! माझ्या भिशीचा नंबर लागला होता, त्यातून आणला आणि बाबांना दोनशे सांगितले. (ते अजून त्यांना माहीत नाही. हे पत्र वाचून झालं की फाड.)

तुला तो घातला आणि तू रडायला लागलीस. आधी कुरकुर, मग ताडताड. मी खुळखुळा वाजवला, साखर चाटवली. फोटोग्राफर उशिरा आला. वीस-पंचवीस मिनिटं तू त्या फ्रॉकात रडत होतीस आणि मी म्हणत होते, "थांब गं राणी, एक फोटो होऊ दे." काकूंनी शेवटी तुला माझ्या हातून ओढून घेतलं, आत नेऊन फ्रॉक काढला आणि मला नुसती हाक मारली. दोन्ही काखांत लालभडक वळ उठले होते, डावीकडे कातडी सोलवटली होती. खोबरेल लावून तुला जुन्या झबल्यात गुंडाळली तर पाच मिनिटांत झोपलीस. पाहुणे येऊन केक कापून गेले, तू झोपलेलीच.

तो हॉलमधला फोटो, ज्यात तुझं नाक लाल आणि डोळे सुजलेले आहेत, ज्यावरून तुम्ही दोघं भावंडं इतकी वर्षं हसता. "आई, मी का रडतेय?" म्हणून तू विचारलंस की मी सांगत आले, दात येत होते. दात नव्हते येत, तेजू. दात तुला सातव्या महिन्यातच आले होते. ते त्या फ्रॉकचं होतं, आणि फ्रॉकपेक्षा माझं होतं. म्हणून पुढे तुला दुकानातला फ्रॉक आणला नाही. काटकसर वगैरे लोकांनी लावलेला अर्थ, मीही तो लावू दिला.

आज पेटी उघडून तो बघितला. गुलाब पिवळा पडलाय, इलॅस्टिक हातात आल्यावर भुगा झालं. नेट मात्र जसंच्या तसं टणक.

तुझ्या जाऊबाईंच्या मुलाचं बोरन्हाण गेल्या वर्षी कसं झालं, ते फोटो तुमच्या ग्रुपवर अजून फिरतात, सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात, हे मला दिसतं. तू बोलली नाहीस, तरी दिसतं. तो ड्रेस ओवीला नकोय, तुला हवाय. हवा असू दे की! मलाही हवाच होता. फक्त तिच्या नावावर घेऊ नकोस, म्हणजे ती रडली तर तिच्यावर चिडायला होत नाही.

पैसे घालायचेच असतील तर जिथे कातडी लागते तिथे घाल. रोजच्या बंड्या, झोपायचे कपडे, चांगल्या सुती कापडाचे, आतून शिवण सपाट असलेले. तिथे दीडशेच्या जागी साडेतीनशे दिलेस तर मी एक शब्द बोलणार नाही. बुटांवर आता काही घालवू नकोस, घरात अनवाणीच चालू दे.

तर आता असं करू. बोरन्हाण तुम्ही रविवारी, १८ तारखेला ठरवलंय. रथसप्तमी २५ ला आहे, तोपर्यंत कधीही चालतं, तेव्हा घाई नाही. तू ऑर्डर टाकली असशील तर ड्रेस आला की अमेयरावांबरोबर इकडे पाठव. मी त्याला आतून पूर्ण मलमलीचं अस्तर घालते, काखेला तिरपी पट्टी लावते, हूक काढून टिचबटणं बसवते, गोंडे पाठीला पक्के टाकते, आणि टिकल्या सैल असतील तेवढ्या काढून बाकीच्या दोऱ्याने शिवते. फोटोपुरता तो घाल. पाटावर बसायला मी एक साधं काळं झबलं-परकर शिवतेय. स्टेशनजवळून सव्वा मीटर काळं कॉटन आणलंय, २७५ रुपये झाले. दोनदा भिजवलं, पहिलं पाणी शाईसारखं निघालं, दुसरं चहासारखं. काळा रंग तिच्या घामाबरोबर अंगावर आणि तोंडात जायला नको, म्हणून पाणी पांढरं निघेपर्यंत धुणार आहे, मगच कात्री लावेन. या वेळी माया दोन बोटं ठेवतेय, पावसाळ्यापर्यंत जाईल.

मला मापं हवीत. छाती ती बसलेली असताना घे, पोट भरल्यावर. कंबर डायपर घालून, नाहीतर मागच्यासारखा घोटाळा होईल. टेप ओढून धरू नकोस, आत तुझी दोन बोटं जायला हवीत. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची, अमेयरावांना तिला उभी धरायला सांग. आणि नुसत्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून तिला सध्या नीट बसणारं एक झबलंही पाठव. धुवायला थांबू नकोस, अंगातून काढलेलं तसंच पाठव.

तुझी
आई