मानधनाची ओळ गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी लेख मागवणारे निरोप उन्हाळ्यातच सुरू होतात. त्यात शब्दमर्यादा असते, लेख पोचवण्याची शेवटची तारीख असते, ‘पूर्वप्रसिद्ध नसावा’ असे बजावलेले असते, मजकूर युनिकोडमध्येच हवा अशी तंबीही असते. मानधन किती आणि कधी, ही ओळ तेवढी नसते. असलीच तर ‘यथाशक्ती देऊ’. पुरवण्या आणि वेब पोर्टल यांची रीतही फार वेगळी नाही. लेखनावरच घर चालवू पाहणाऱ्याला कमी दरापेक्षा ही गाळलेली ओळ अधिक महागात पडते.

युनिकोडची तंबी मात्र रास्त आहे, हे आधीच सांगतो. पानजुळणीसाठी मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. लेखकाने वर्डच्या फाइलसोबत पीडीएफ जोडली तर मुद्रितशोधकाला ताडून पाहता येते. दोन मिनिटांचे काम, पण बरेच जण करत नाहीत.

आता पैशांकडे. अंक बहुतांशी जाहिरातींवर निघतो आणि जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर रेंगाळत होते. कागदवाला आणि छापखाना बिल पाठवून मागे लागतात. लेखकाने बिलच पाठवलेले नसते, त्यामुळे तो रांगेत शेवटी. जुलैत दिलेल्या लेखाचे पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आले तर नवल वाटू नये. लेख संपादक घेतो, पण पैसे हिशेब विभाग सोडतो आणि त्या विभागाला कागद लागतो. लेख छापून आला त्याच आठवड्यात बिल गेले पाहिजे. त्यावर बिल क्रमांक, तारीख, लेखाचे शीर्षक, अंक किंवा पुरवणीची तारीख, ठरलेली रक्कम, पॅन, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड हवा.

बिल अडते ते बहुधा नावावर. लेख टोपणनावाने छापलेला, पॅनवर वेगळे नाव, बँकेत आडनाव आधी. हिशेबनिसाला या तिघांची सांगड लागत नाही आणि तो फाइल बाजूला ठेवतो. चेक टोपणनावाने निघाला तर बँक तो घेत नाही, आणि तीन महिने उलटले की चेकही बाद. म्हणून बिलावर ‘अमुक टोपणनावाने प्रसिद्ध’ अशी एक ओळ असावी.

करकपातीबद्दलही गैरसमज फार आहेत. व्यावसायिक मानधनावर १० टक्के कपात होते, पण एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात मिळणारी रक्कम ५० हजारांच्या वर गेली तरच ती बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. कपात लागू असताना पॅन दिला नसेल तर ती २० टक्क्यांवर जाते, आणि आधारशी न जोडलेला पॅन न दिल्यासारखाच. कापलेले पैसे बुडत नाहीत. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. मात्र पगारदारांचे साधे आयटीआर-१ इथे चालत नाही, कारण त्यात व्यवसायाचे उत्पन्न दाखवायला रकानाच नाही. हिशेब न मांडता जमेतली निम्मी रक्कम नफा धरून त्यावरच कर भरण्याची जी सवलत काही व्यवसायांना आहे, तिच्या यादीत चित्रपटाचे कथा-पटकथा-संवाद लेखक येतात, वृत्तपत्रात लेख लिहिणारा नावानिशी येत नाही. ती परस्पर गृहीत न धरता सनदी लेखापालाला विचारावे.

दर ठरवताना शब्द मोजतात, तास कोणी मोजत नाही. समजा १,२०० शब्दांच्या लेखाला दीड हजार रुपये ठरले. वाचन व फोन सहा तास, लेखन पाच, दुरुस्त्या आणि पुन्हा तपासणी तीन. चौदा तासांचे दीड हजार, म्हणजे तासाला १०७ रुपये, आणि त्यातच वीज, इंटरनेट, प्रवास. हाच लेख फोटो आणि चौकटीसह मागितला तर ते वाढीव काम आहे, त्याचा आकडा वेगळा सांगावा. भेट अंक म्हणजे मानधन नव्हे.

मुक्त लेखकाची खरी कमाई एकाच अभ्यासातून तीन-चार कामे निघण्यात असते: लेख, आकाशवाणीवरचे भाषण, पुढे पुस्तक. त्यासाठी हक्क हातात राहिले पाहिजेत. स्वामित्वहक्क कायदा १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतःच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. लेख पाठवतानाच ‘छापील अंक व ई-आवृत्तीत एकदा प्रसिद्ध करण्यास परवानगी, इतर सर्व हक्क लेखकाकडे’ एवढे ईमेलमध्ये लिहावे. कार्यालयाने ‘सर्व माध्यमे, सर्व काळ’ असा छापील फॉर्म पाठवला तर तो वाचूनच सही करावी; मानधन तेच आणि हक्क मात्र दहापट, असा तो सौदा असतो.

थकबाकीवर एक हत्यार आहे, ते फार थोडे लेखक वापरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, आधारवरून होते, आणि सेवांच्या यादीतील सर्जनशील कामांच्या विभागात लेखन बसते. सूक्ष्म उद्योगाच्या सेवेचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी काम घेण्यापूर्वीची हवी, पैसे अडल्यावर केलेली कामाला येईल या भरवशावर राहू नये. दीड हजारांसाठी कोणी अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेपुढे जाणार नाही, हे खरेच. पण बिलावर उद्यम क्रमांक असला की हिशेब विभागाचा सूर बदलू शकतो: मुदतीबाहेर थकलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही.

संपादकांची बाजूही आहे. लहान अंकांना लेखकामागे दोन हजार परवडत नाहीत. मग पाचशे लिहा, किंवा ‘मानधन नाही’ असे स्वच्छ लिहा; ज्याला लेख द्यायचा तो देईल. मागवलेला लेख न छापल्यास काय देणार, तेही त्याच पत्रात यावे. आज असा लेख कळवाकळव न होता पडून राहतो आणि वर्षभराने त्याचा विषयच शिळा होतो. ‘साभार परत’चे कार्ड यायचे तेव्हा निदान लेख दुसरीकडे पाठवता यायचा.

आपल्या पुरवणीत ‘लेखकांसाठी सूचना’ ही चौकट येते. मानधनाचा दर आणि प्रसिद्धीनंतर किती दिवसांत देणार, या दोन बाबी पुढच्या रविवारपासून त्यात घालाव्यात, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक मुक्त लेखक, पुणे